खडखड की खरखर?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण लिहायची वेळ आली की माझी ऱ्हस्व-दीर्घात 'केटी' लागते. मराठी विभागाच्या संपादकांनी "तू तो स्पीकर दुरुस्त केलास ना, त्यावर लिही" असं सांगितलं, तेव्हा मी पटकन म्हणाले, "इंग्लिश सेक्शनला देते ना!" नंतर विचार करताना लक्षात आलं की हा लेख इंग्लिशमध्ये जमणारच नाही. का, ते पुढे कळेलच. चुका संपादकांनी सुधाराव्यात ही नम्र विनंती.

तर ही गोष्ट आपल्या म्युझिक क्लबच्या बेस कॅबिनेटची आहे. गॅदरिंगला स्टेजच्या डाव्या बाजूला जो भला मोठा काळा डबा असतो, तो. आत पंधरा इंची एकच स्पीकर, पुढे लोखंडी जाळी, आणि खाली हवेला ये-जा करायला एक गोल भोक. त्याला पोर्ट म्हणतात. बेस गिटारचा अ‍ॅम्प वेगळा असतो, तो या डब्याच्या डोक्यावर बसतो. फार पूर्वीच्या एका बॅचने वर्गणी काढून हा डबा घेतला आणि जाताना क्लबला देऊन गेली. त्यामुळे सगळ्यांचाच त्याच्यावर जीव आहे.

यंदा पावसाळ्यानंतर स्टोअरमधून डबा बाहेर काढला, प्रॅक्टिस सुरू झाली, आणि खर्जातले दोन विशिष्ट स्वर वाजले की आत कुणीतरी खिळ्यांचा डबा हलवतंय असा आवाज यायला लागला. ए तारेवरचे पहिले दोन फ्रेट. बाकी स्वर बरे, हे दोन आले की घात! शहरातल्या एका दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. त्यांनी दहा सेकंद ऐकलं आणि निदान केलं, "स्पीकर फाटलाय. रिकोनिंग करावं लागेल. साडेचार हजार." रिकोनिंग म्हणजे स्पीकरचा लोखंडी सांगाडा आणि मॅग्नेट तेच ठेवून आतला कागदी कोन आणि कॉइल नवी बसवणे.

मग पुढचा प्रश्न आलाच. फाडला कोणी? फ्रेशर्स पार्टीला शेवटचं कोणी वाजवलं होतं? मी. मीटिंगमध्ये ठरलं की अर्धे पैसे क्लब देईल आणि अर्धे मी. कोणी ओरडलं नाही, सगळे अगदी समजुतीने बोलले, आणि तेच जास्त लागलं. सव्वादोन हजार म्हणजे माझं जवळजवळ पाऊण महिन्याचं मेस-बिल. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. म्हटलं, फाशी द्यायच्या आधी निदान पोस्टमॉर्टेम तरी होऊ दे. (क्रम उलटा झाला, पण भावना समजून घ्या.)

स्क्रू ड्रायव्हर मागायला वर्कशॉपमध्ये गेले. आपले कारपेंटरी शॉपचे काका सगळ्यांना माहीत आहेतच. त्यांनी विचारलं, "काय बिघडलंय?"

"काका, स्पीकरमधून आवाज येतो."

"अगं, स्पीकरमधून आवाज नाही येणार तर काय येणार? कसला आवाज? खडखड का खरखर?"

मी गप्प. मला दोन्ही एकच वाटायचं. माझ्या डोक्यात त्याचं नाव 'नॉइज' एवढंच होतं. काका म्हणाले, "आधी ऐकून ये. मग हत्यार देतो."

माझ्या मते हा संपूर्ण दुरुस्तीतला सर्वात महत्त्वाचा प्रश्न होता. परत जाऊन लक्ष देऊन ऐकलं आणि एकेक शब्द जुळवत बसले. खडखड म्हणजे दोन टणक वस्तू एकमेकींवर आपटतात, एखादी सुटी होऊन हलते. खरखर म्हणजे घासणं, आणि स्पीकरमध्ये घासायला जागा एकच, ती म्हणजे मॅग्नेटच्या फटीत फिरणारी व्हॉइस कॉइल. झणझण पातळ पत्र्याची असते, जाळी किंवा स्प्रिंग. फरफर कागदाची किंवा कापडाची, म्हणजे फाटलेला कोन नाहीतर त्याच्या कडेची सुटलेली झालर. फुसफुस हवेची, कुठेतरी फट आहे. आणि सतत येणारं घूंऽऽ, जे कोणी वाजवत नसतानाही येतं, ते लाकडाचं नाही, विजेचं. इतकी तयार वर्गवारी आपल्या भाषेत पडून आहे आणि आपण सगळ्याला 'नॉइज' म्हणतो! म्हणून हा लेख इंग्लिश सेक्शनला गेला नाही.

माझ्या डब्यातून खरखर येत नव्हती. फरफरही नव्हती. खडखड होती, थोडी झणझण होती, आणि नीट कान दिला तर बारीकशी फुसफुस. म्हणजे रोग एक नव्हता. हे लक्षात ठेवा, कारण एक दोष काढला आणि आवाज पूर्ण गेला नाही, की आपण समजतो की निदान चुकलं. चुकलेलं नसतं, खाली दुसरा दोष असतो.

आता थोडी थिअरी. झोप आली तर पुढचे चार परिच्छेद सोडा, पण मग ओरलला माझ्याकडे येऊ नका.

पहिला प्रश्न असा की खर्जालाच का खडखडतं? कोन हवेला जो दाब देतो तो कोनच्या अ‍ॅक्सिलरेशनच्या प्रमाणात असतो, आणि अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे ओमेगाचा वर्ग गुणिले अ‍ॅम्प्लिट्यूड. म्हणजे तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं. ८२ हर्ट्झला जो कोन १ मिलिमीटर हलत असेल, त्याला बेसच्या सर्वात जाड, ४१ हर्ट्झच्या तारेसाठी ४ मिलिमीटर हलावं लागेल. एवढी धक्काबुक्की चालू असेल तर डब्यातली प्रत्येक सैल गोष्ट जागी होणारच.

दुसरं, सैल वस्तू उडायला किती हलावं लागतं? हे गणित मी मेसच्या रांगेत उभी असताना केलं. डब्यावर एखादा वॉशर नुसता ठेवलाय. डबा खाली जाताना त्याचं अ‍ॅक्सिलरेशन 'जी'पेक्षा जास्त झालं की वॉशर सुटतो आणि परत आपटतो. ५० हर्ट्झला ओमेगा ३१४, त्याचा वर्ग साधारण ९८,६००. ९.८१ भागिले तेवढे, म्हणजे ०.१ मिलिमीटर. जर्नलच्या एका कागदाची जाडी! डोळ्याला दिसणार नाही एवढ्या कंपनाने वॉशर सेकंदाला पन्नास वेळा आपटू शकतो.

आणि तिसरं म्हणजे आपला कान. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसाच्या कानाला कुठला स्वर किती मोठा वाटतो ते मोजून आलेख काढले. खर्जाला आपला कान जरा बहिराच असतो, तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास मात्र एकदम तिखट. ६० हर्ट्झच्या स्वराने दोन टणक वस्तू आपटल्या की त्या टकटकीत नेमके ते वरचे स्वर भरपूर असतात. म्हणून मूळ स्वर पोटात जाणवतो आणि खडखड कानात टोचते. दोष केवढासा, त्रास केवढा!

एक गंमत इथेच सांगून टाकते. हीच गोष्ट तंबोऱ्यात मुद्दाम करतात. मिरजेच्या कारागिरांचे तंबोरे प्रसिद्ध आहेत. त्यांच्या घोडीला हलका बाक असतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून तार घोडीला पुसटशी लागत राहील अशी जुळवतात. तीच जवारी. तीही दोन टणक वस्तूंची गाठभेटच, आणि तिच्यातूनही वरचे स्वर निघतात. फरक इतकाच की तिथे कारागिराने ती जागा ठरवलेली असते. आमच्या डब्यात कोणी ठरवली नव्हती.

असो. आता प्रत्यक्ष काम.

सगळ्यात आधी बेस गिटारची केबल काढली, अ‍ॅम्प चालू ठेवला. घूंऽऽ असं काही आलं असतं तर तो ५० किंवा १०० हर्ट्झचा मेन्सचा हम समजायचा आणि केबल, अर्थिंग, प्लग इकडे बघायचं. तसं काही नव्हतं. (हम घालवायला थ्री-पिनची जाड पिन काढून टाकणारे काही महाभाग आपल्या होस्टेलमध्ये आहेत. कृपा करून असं करू नका. ती अर्थिंगची पिन आहे. हम जाईल, पण अ‍ॅम्पमध्ये फॉल्ट आला तर गिटारच्या तारांना हात लावणारासुद्धा जाईल.)

मग गिटारलाच बाद केलं. तार फ्रेटला लागूनही झणझण होते आणि आपण डब्याला दोष देत बसतो. म्हणून पुढचं सगळं टेस्टिंग मोबाइलवर केलं. टोन जनरेटरची फुकट अ‍ॅप्स मिळतात, किंवा ऑडॅसिटीमध्ये २० ते २०० हर्ट्झ असा हळूहळू चढणारा स्वर एक मिनिटाचा तयार करता येतो. तो केबलने अ‍ॅम्पला द्यायचा. इथे एक धोक्याची सूचना. साधा सलग साइन वेव्ह ऐकायला गरीब वाटतो, पण गाण्यासारखा तो मध्ये श्वास घेत नाही. मोठ्या आवाजात थोडा वेळ जरी ठेवला तरी व्हॉइस कॉइल तापून जळू शकते. आवाज शून्यापासून चढवायचा, खडखड जेमतेम ऐकू येईल तिथे थांबायचं, पाच-दहा सेकंद ऐकून बंद करायचं. आणि हे सगळं दुपारी करावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, आणि आपल्या रेक्टर सरांचा नियम त्याहून कडक आहे.

पहिल्याच फेरीत चक्क खोलीच गुन्हेगार निघाली! ७० हर्ट्झच्या वर जी झणझण येत होती ती डब्यातून नाही, डोक्यावरून येत होती. ट्यूबलाइटची पत्र्याची पट्टी. माझी रूममेट टेबलावर चढून तिला धरून उभी राहिली आणि झणझण थांबली. खर्जाच्या आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही, आणि खोलीभर आवाज भरलेला असताना खडखडीचीही जागा चुकते. त्यामुळे पहिला नियम असा की डबा उचलून दुसऱ्या जागी न्यायचा. आम्ही चौघींनी तो कॉरिडॉरमध्ये नेला. आवाज सोबत आला तर डब्याचा, मागे राहिला तर खोलीचा. झणझण मागे राहिली. खडखड सोबत आली.

नंतर हात. हे सगळ्यात स्वस्त उपकरण! स्वर चालू ठेवून एकीने डब्याच्या एकेका भागावर तळहात दाबायचा आणि दुसरीने ऐकायचं. जाळी दाबली, फरक नाही. कोपऱ्यांचे पत्रे, फरक नाही. बाजूचं स्प्रिंगचं हँडल दाबलं, खडखड थोडी कमी झाली. हँडलच्या मागे फोमच्या टेपचा तुकडा लावला. अ‍ॅम्प खाली उतरवून ठेवला, कारण त्याचे पाय डब्यावर नाचतात. पुढचं चाक दाबून पाहिलं, ठीक होतं.

फुसफुस शोधायला मेसच्या मावशींकडून अगरबत्ती आणली. ३० हर्ट्झचा हळू स्वर लावायचा आणि पेटलेली अगरबत्ती डब्याच्या सांध्यांवरून हळूहळू फिरवायची. जिथे फट असेल तिथे धुराची सरळ रेघ थरथरते. पोर्टपाशी थरथरणारच, तो त्याचा धंदाच आहे. आमच्याकडे मागच्या जॅक-प्लेटपाशी धूर नाचायला लागला. प्लेटचे दोन स्क्रू सैल होते आणि खालचं रबर वाळून तुटलं होतं. दारं-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी कापून खाली घातली, फुसफुस गेली. अगरबत्ती जाळीमागच्या कापडापासून लांब ठेवा, नाहीतर रिकोनिंगपेक्षा मोठा खर्च निघेल.

एवढं होऊनही मुख्य खडखड जशीच्या तशी. ५७ ते ६२ हर्ट्झ, सर्वात वाईट ६० पाशी. बेसवर ए-शार्प ५८ चा आणि बी ६२ चा, म्हणजे तेच दोन फ्रेट. आता राहिला स्पीकर आणि डब्याचं पोट. खरं सांगते, त्या संध्याकाळी मला वाटलं की दुरुस्तीवाले बरोबर होते आणि पैसे आपणच भरणार.

पण रात्री नोट्स चाळताना एक गोष्ट सापडली. पोर्ट असलेल्या डब्यात एक विशिष्ट फ्रिक्वेन्सी असते, जिथे पोर्टमधली हवा आणि डब्यातली हवा मिळून वजन आणि स्प्रिंगसारखी झुलतात. त्या जागी आवाजाचं काम पोर्ट करतो आणि कोन जवळजवळ थांबतो! मात्र डब्याच्या आतला हवेचा दाब त्याच सुमारास जबरदस्त असतो. दुसऱ्या दिवशी जाळी काढली, कोनवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारला आणि स्वर हळूहळू फिरवला. ३५ हर्ट्झला कोन चांगला पुढेमागे दिसत होता. ५५ पाशी जवळजवळ स्तब्ध. ६० लाही हालचाल अगदी थोडी. आणि खडखड? ३५ ला नाही, ६० ला सर्वात जास्त!

आता विचार करा. कोन फाटला असता किंवा कॉइल घासत असती, तर कोन सर्वात जास्त हलतो तिथे आवाज सर्वात वाईट यायला हवा होता. इथे उलट होतं. कोन शांत बसला होता, डब्याच्या भिंतींवर दाब होता, आणि तेव्हाच खडखड. मी कॉरिडॉरमध्ये एकटीच "नाही फाटला!" असं ओरडले. सबमिशनच्या टेन्शनने हिला काहीतरी झालं असं समोरच्या खोलीतल्यांना वाटलं असावं.

खात्री म्हणून अ‍ॅम्प बंद करून दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवली आणि समान दाब देऊन हलकेच आत ढकललं. एका बाजूने दाबलं तर चांगली कॉइलसुद्धा घासते, म्हणून समान. मऊ गेला, मऊ परत आला, खरखर नाही. मल्टिमीटरने ६.१ ओहम दाखवले. ८ ओहमच्या स्पीकरचा डीसी रेझिस्टन्स साधारण साडेपाच ते सातच्या मध्ये असतो, म्हणजे तेही ठीक.

मग काकांकडे गेले आणि सांगितलं, "काका, खडखड. आणि स्पीकरची नाही, पेटीची." काका स्वतः आले. त्यांनी काहीच उपकरण आणलं नाही. डब्यासमोर स्टूल घेऊन बसले, दोन्ही बाजू दोन गुडघ्यांत घट्ट दाबल्या आणि म्हणाले, "वाजव." ६० हर्ट्झ. खडखड बंद! गुडघे सैल केले, सुरू. पुन्हा दाबले, बंद. "आतली पट्टी सुटलीय," म्हणाले.

डबा आडवा करून, स्पीकर वर तोंड करून, आठ स्क्रू काढले. इथे जपायचं. मॅग्नेट स्क्रू ड्रायव्हरला खेचतो आणि टोक थेट कोनमध्ये घुसतं. कोनवर पुठ्ठ्याचा गोल ठेवून मग स्क्रू काढावेत. कुठली वायर कुठल्या टर्मिनलला ते फोटो काढून ठेवावे. स्पीकर उचलताना दोघं हवेत, पंधरा इंची मॅग्नेटचं वजन एकट्याने धरवत नाही.

आत पांढरा कापूस होता. त्यात एक गिटारचं पिक, शेंगदाण्याची दोन टरफलं आणि एक अनाथ वॉशर सापडला. हे सगळं पोर्टमधून आत गेलेलं. आणि मागे, डब्याच्या दोन बाजूंना जोडणारी प्लायची आडवी पट्टी होती. बाजूंच्या भिंती हवेच्या दाबाने फुगू नयेत म्हणून ती असते. दिसायला जागच्या जागी. पण मेट्रॉलॉजी लॅबमधून आणलेलं फीलर गेज उजव्या टोकाला सरकवलं, तर ०.१५ चं पान आरपार गेलं. डिंक पूर्ण सुटला होता. भिंत फुगली की फट उघडायची, आत आली की पट्टीवर आपटायची. सेकंदाला साठ वेळा.

पट्टी का सुटली? पावसाळाभर तळमजल्याच्या स्टोअरमध्ये ओल होती हे एक. दुसरं म्हणजे त्याच बाजूच्या खालच्या कोपऱ्याचा पत्रा चांगलाच चेपलेला होता. कधीतरी डबा त्या कोपऱ्यावर जोरात पडलाय. कोणाच्या हातून, ते मी विचारलं नाही.

चिकटवताना मी घाई करणार होते, काकांनी हातातून बाटली काढून घेतली. जुन्या वाळलेल्या डिंकावर नवा फेविकॉल धरत नाही. आधी पटाशीने आणि पॉलिश पेपरने दोन्ही बाजू खरवडून लाकूड उघडं केलं. मग फेविकॉल, आणि बाहेरून लांब क्लॅम्प आवळला. सांध्याला एक लाकडी गुटकाही लावला. क्लॅम्प चोवीस तास तसाच. काकांनी वर कागद चिकटवला, "हात लावू नये."

स्पीकर परत बसवताना माझ्याकडून एक घोळ झाला. स्क्रू गाडीच्या चाकाच्या नटांसारखे समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळायचे असतात, नाहीतर सांगाडा पिळवटतो आणि तेव्हा खरोखरच कॉइल घासायला लागते. ते मी नीट केलं. पण शेवटचा स्क्रू उत्साहाच्या भरात इतका आवळला की प्लायमधलं भोक गेलं आणि स्क्रू नुसता फिरायला लागला. म्हणजे नवी खडखड! काकांनी काड्यापेटीतल्या दोन काड्यांची गुलं मोडली, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घातल्या, वाळू दिल्या, आणि वर पुन्हा स्क्रू. आजपर्यंत हललेला नाही. हे आम्हाला कुठल्याच सिलॅबसमध्ये नव्हतं.

एकूण खर्च : फेविकॉलची छोटी बाटली, फोमची टेप, फोमची पट्टी, मिळून एकशे साठ रुपये. अगरबत्ती मावशींनी फुकट दिली. पुढच्या मीटिंगला मी हिशेब ठेवला, ६० हर्ट्झचा स्वर लावून दाखवला आणि सगळ्यांना गुडघे टेकवून ऐकायला लावलं. जी. एस. म्हणाला, "म्हणजे स्पीकर ठीकच होता?" मी म्हटलं, "हो." सव्वादोन हजारांचा विषय मिनिट्समधून काढून टाकला, हे मी वाचून खात्री केली.

दुरुस्तीवाल्यांना मी लबाड म्हणणार नाही. त्यांनी डबा उघडला नाही, दहा सेकंद ऐकलं आणि नेहमी जे बिघडतं तेच सांगितलं. मोठ्या आवाजात वाजवणाऱ्या पोरांचे स्पीकर खरोखरच फाटतात. मला फक्त इतकंच वाटतं, की फाटला असं म्हणायच्या आधी कोणीतरी त्या कोनकडे टॉर्च मारून बघायला हवं होतं.

गॅदरिंगच्या तयारीसाठी डबा आता पुन्हा क्लब-रूममध्ये आहे. पोर्टमध्ये टरफलं टाकू नयेत. उचलताना चौघांनी उचलावा, आणि कोपऱ्यावर टेकवू नये. सर्वात जाड तार मोकळी वाजवली की अजूनही एक बारीक खडखड येते, ४१ हर्ट्झला. ती डब्याची नाही, क्लब-रूमच्या दाराच्या कडीची आहे. तिथे मी जर्नलच्या कागदाची घडी करून खोचून ठेवली आहे. कृपया कोणी काढू नये.

— टी. ई. (मेकॅनिकल), मुलींचे वसतिगृह